राजीनामा की कपात? पंधरा महिन्यांच्या बातमीदाराचे एक प्रकरण

कपात म्हणजे इथे संस्थेने माणसाला कामावरून कमी करणे. हे प्रकरण नमुन्यादाखल रचले आहे. त्यातली बातमीदार, तिचे वृत्तपत्र आणि जिल्हा खरे नाहीत. पगाराचे आकडे हिशेब डोळ्यांपुढे यावा म्हणून घेतले आहेत. कायद्यातल्या तरतुदी, मुदती आणि टक्केवारी मात्र खऱ्या आहेत.

एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीची चार पाने होती. ती दोन झाली आणि शेवटी शेजारच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत एक पान उरले. ब्युरोत चौघे जण होते: ब्युरो चीफ, दोन बातमीदार आणि एक उपसंपादक. त्यांपैकी धाकटी बातमीदार २४ वर्षांची. पत्रकारितेची पदविका झाल्यावर १ नोव्हेंबरला ती रुजू झाली आणि पुढच्या वर्षीची दिवाळी उलटून जानेवारी संपत आला तेव्हा तिची नोकरी गेली.

पहिल्या दिवशीचे कागद

नेमणूकपत्रावर हुद्दा होता ‘प्रशिक्षणार्थी बातमीदार’. कंत्राट अकरा महिन्यांचे. ते ३० सप्टेंबरला संपले, मध्ये एक दिवस मोकळा सोडला आणि २ ऑक्टोबरपासून पुन्हा अकरा महिन्यांचे दुसरे कंत्राट झाले. एक दिवसाचा हा खड्डा मुद्दाम ठेवलेला असतो. सेवा सलग नव्हती, असे पुढे म्हणता यावे एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की सेवा वर्षभर अखंड धरली जाते.

पगार एकत्रित २०,००० रुपये, वेगळे भत्ते नाहीत. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफ. पगार २१,००० च्या आत असल्याने राज्य कामगार विम्याचे (ईएसआय) ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून ते दोनशे वाचले. हातात १८,०५० येत.

पगाराची ही चिठ्ठी पुढे तिच्या कामी आली. पीएफ आणि राज्य विमा कापला जातो याचा अर्थ संस्थेने तिला कर्मचारी मानले आहे. ‘मानधनावर’ घेतलेल्या वार्ताहराच्या खात्यात पैसे येतात ते बहुधा व्यावसायिक शुल्क म्हणून, १० टक्के टीडीएस कापून. तो टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण नोकरी गेल्यावर नोटीस आणि भरपाई मागायला त्याच्या हाती फारसे काही नसते. दोघे एकाच टेबलावर बसून एकाच पानासाठी लिहितात, फरक कळतो तो शेवटच्या दिवशी. म्हणून नव्याने येणाऱ्याने पहिल्या महिन्यात बँकेचा मेसेज नीट वाचावा: तो पगार आहे की शुल्क?

पंधरा महिन्यांत काय साठले

तिच्याकडे जिल्हा परिषद, शिक्षण आणि सिव्हिल हॉस्पिटल हे बीट, म्हणजे नेमून दिलेले क्षेत्र, होते. पोलीस आणि महापालिका थोरल्या बातमीदाराकडे. दिवस सकाळी साडेदहाला सुरू होई, प्रेसनोटचा ढीग उपसण्यात दुपार जाई आणि सहानंतर पान सुटेपर्यंत, म्हणजे छपाईला जाईपर्यंत, ‘अजून दोन सिंगल दे’ (एका स्तंभाच्या छोट्या बातम्या) चालू राही.

नोकरी गेल्यावर तिने या काळातल्या बातम्या मोजल्या. एकूण ६१२. त्यांचे तीन ढीग केले. पहिल्यात प्रेसनोट, सत्कार, उद्घाटने आणि निवेदने: ३८८. दुसऱ्यात रोजच्या घडामोडी, म्हणजे सभा, अपघात, आंदोलन, निकाल: १७१. तिसऱ्यात तिने स्वतः शोधून काढलेल्या: ५३. त्यांतल्या अनोळखी संपादकापुढे ठेवता येतील अशा अकरा.

अकरा हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण पंधरा महिन्यांच्या बातमीदारासाठी तो चांगला आहे. खरी अडचण निराळी होती. त्या अकरा बातम्या कोणत्या हे तिला आठवून काढावे लागले, कारण तिने कधी त्या वेगळ्या ठेवल्या नव्हत्या. रोज रात्री दोन मिनिटे लागणारे काम होते: छापील पानाचा फोटो किंवा ई-पेपरची पीडीएफ, नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, पान क्रमांक आणि दोन शब्दांत विषय. वर्ष आधी लिहिले की फाइली आपोआप तारखेने लागतात. तिने यातले काही केले नव्हते. तिचा भरवसा ई-पेपरवर होता, आणि या दैनिकाच्या ई-पेपरवर तीन महिन्यांपूर्वीची पाने फक्त कार्यालयाच्या लॉगिनमधून उघडत.

गुरुवार, दुपारी साडेतीन

मुख्य कार्यालयातून मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आले. चौघांना एकेकाला आत बोलावले. तिच्या वाट्याला बारा मिनिटे आली. आवृत्ती बंद होते आहे, ३१ जानेवारी, शनिवार, हा शेवटचा दिवस, आणि ‘प्रोसेस सोपी व्हावी म्हणून’ राजीनामा द्यावा. मजकूर त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, दोन ओळींचा: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, संस्थेकडे माझे कोणतेही येणे नाही. सोबत तोंडी सल्ला: ‘मॅडम, पत्रावर कपात आली तर पुढे कुणी घेणार नाही. राजीनाम्याने अनुभवपत्र लगेच निघतं.’

या सल्ल्याने दरवेळी काही जण सह्या करतात. या ब्युरोतल्या उपसंपादकानेही केली. वास्तविक आवृत्ती बंद झाल्यामुळे कमी केले, असे लिहिलेले पत्र पुढच्या मुलाखतीत अजिबात आड येत नाही. उलट ‘वैयक्तिक कारण’ आणि त्यानंतर चार महिन्यांची रिकामी जागा दिसली की समोरचा खोदून विचारतो.

तिने सही केली नाही. वाचून उद्या सांगते, म्हणाली. आत गेल्यावर मोबाइलच्या घड्याळात वेळ पाहून ठेवली होती, कोण काय बोलले ते बाहेर येऊन वहीत उतरवले. पत्रकाराला हे शिकवलेले असते, फक्त स्वतःच्या बाबतीत ते सुचत नाही.

रात्री घरच्या ईमेलवरून तिने हे पाठवले:

‘मी राजीनामा देत नाही. संस्थेला माझी सेवा ३१ जानेवारीपासून संपवायची असल्यास कारणासह तसे लेखी पत्र द्यावे. जानेवारीचा पगार, नोटीस वेतन, कपातीची भरपाई आणि शिल्लक रजेचा पगार यांचा तपशील पत्रासोबत मिळावा. ओळखपत्र, फोन आणि सिम परत घेताना पोच द्यावी.’

चार वाक्ये, आरोप एकही नाही. मेल कार्यालयाच्या पत्त्यावरून गेली असती तर शनिवारी संध्याकाळी तो पत्ता बंद झाल्यावर पुरावाही बंद झाला असता.

शुक्रवारी उत्तरादाखल दोन मुद्दे आले. पहिला: ती प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. दुसरा: पगार १८,००० च्या वर आहे, म्हणून कामगार नाही. दोन्ही टिकणारे नाहीत. कायद्याने वगळला आहे तो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला शिकाऊ उमेदवार. हुद्द्यापुढे ‘प्रशिक्षणार्थी’ छापल्याने कुणी तसा ठरत नाही, आणि पीएफ कापून घेतल्यावर तर हा मुद्दा आणखीच लंगडा पडतो. अठरा हजारांची मर्यादा आहे ती पर्यवेक्षकाला. हाताखाली एकही माणूस नसलेल्या बातमीदाराला ती लागू नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या व्याख्येत श्रमिक पत्रकारांचा उल्लेख नावानिशी आहे.

इथे जुन्या जाणत्यांकडून एक चुकीचा सल्लाही मिळतो. ‘पत्रकाराला तीन महिन्यांची नोटीस लागते’ हे १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याप्रमाणे बरोबर होते: संपादकाला सहा महिने, इतरांना तीन. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांनी तो कायदा रद्द केला. आता इतरांप्रमाणेच एक महिना. तीन महिन्यांची मागणी लिहून पाठवली की समोरचा तेवढीच चूक दाखवून बाकीचे सगळे बाजूला सारतो.

एका सहीची किंमत

तिची सेवा वर्षाच्या वर होती आणि दुसरे कंत्राट मध्येच तोडले जात होते. मुदत संपून कंत्राट आपोआप संपले असते तर ती कपात ठरली नसती, हा फरक महत्त्वाचा आहे. मुदतीच्या आत कामावरून कमी केल्याने हिशेब असा झाला:

जानेवारीचा पगार हातात १८,०५०. शिल्लक ९ रजांचे ६,०००. एवढे राजीनामा दिला तरी मिळते.

कपात असेल तर त्यावर नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार २०,०००. दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तो १०,०००. वरचे तीन महिने सहा महिन्यांपेक्षा कमी, म्हणून ते धरले जात नाहीत. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार म्हणजे आणखी १०,०००. हा पैसा संस्थेने निधीत भरायचा आणि ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा असतो.

पंधरा दिवसांचा पगार काढताना महिन्याचा पगार २६ ने भागायचा की ३० ने, यावर बरेचदा वाद होतो. २६ चा भागाकार ग्रॅच्युइटीचा आहे. कपातीच्या भरपाईत १५ दिवस म्हणजे अर्धा महिना. तिने आधी २६ ने भागून ११,५३८ मागितले होते, ते दुरुस्त केले.

बँकेत तिचे २१,००० होते. खोलीचे भाडे, मेस, पेट्रोल, फोन, दुचाकीचा हप्ता आणि घरी पाठवायचे धरून महिन्याला १३,५०० लागत. राजीनामा दिला असता तर हाताशी ४५,०५०, म्हणजे सव्वातीन महिन्यांची सोय. कपातीच्या पत्राने ८५,०५०, म्हणजे सव्वासहा महिन्यांहून थोडी जास्त. चाळीस हजार ही रक्कम मोठी वाटो न वाटो, तीन महिने जास्त टिकून काम शोधणारा माणूस आणि पंधरवड्यात मिळेल ते धरणारा माणूस यांच्यातले अंतर तेवढेच असते.

वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यावर पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे इथे मंगळवार, ३ फेब्रुवारीपर्यंत. मनुष्यबळ विभागाने ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ असे कळवले. ही त्यांच्या कार्यालयाची सवय आहे, कायदा नव्हे.

ग्रॅच्युइटीची मागणीही तिने लेखी नोंदवली. कायम पत्रकाराला त्यासाठी तीन वर्षे लागतात, मुदतीच्या कंत्राटावर सेवेच्या प्रमाणात मिळण्याची तरतूद आहे. अकरा महिन्यांचे दोन तुकडे जोडायचे की नाही यावर संस्था भांडणार हे दिसत होते, म्हणून तो आकडा तिने खर्चाच्या हिशेबात धरला नाही. ते शहाणपणाचे होते.

सिम

सर्वांत मोठे नुकसान पैशात झाले नाही. ब्युरोने दिलेल्या फोनमधल्या सिमवर तिचे व्हॉट्सॲप होते, आणि त्यात जिल्ह्यातल्या ग्रामसेवकांपासून उपसंचालकांपर्यंत अकराशे नंबर. पीएफचा यूएएन, म्हणजे सदस्याचा कायम क्रमांक, त्याच नंबरला जोडलेला. दुचाकीच्या कर्जाचे मेसेज त्यावर. शनिवारी संध्याकाळी सहाला सिम परत दिले, रविवारी सकाळी ते बंद.

शुक्रवारी रात्री तिने केलेल्या गोष्टी, त्याच क्रमाने: स्वतःच्या नावावर नवे सिम, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून नंबर बदल, सगळे संपर्क स्वतःच्या खात्यात निर्यात, यूएएनचा मोबाइल बदल, मग बँक आणि कर्ज कंपनी. क्रम उगाच नाही. यातल्या बऱ्याच ठिकाणी जुन्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणून सिम जिवंत आहे तोवरच हे सगळे उरकावे लागते. राहून गेली ती जिल्हा परिषदेच्या बातमीदारांची आणि शिक्षण विभागाची दोन व्हॉट्सॲप ग्रुपे. त्यांतून ब्युरो चीफने सगळ्यांना आधीच काढले होते.

नंबर घरी नेणे योग्य आहे का, असा प्रश्न तिला पडला. संस्थेची ग्राहकयादी, जाहिरातदारांचे तपशील, न छापलेल्या इतरांच्या बातम्या यांना हात लावायचा नाही. पण विश्वासाने बोललेल्या माणसाचा नंबर बातमीदारापाशीच राहिला पाहिजे. तो कार्यालयाच्या फोनमध्ये मागे ठेवून जाणे हाच त्या माणसाचा विश्वासघात. परत केलेल्या फोनमधून चॅट पुसले आहेत ना, हे तिने दोनदा तपासले.

कात्रणांसाठी ती सार्वजनिक वाचनालयात गेली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचनालयात दैनिकांच्या महिनावार बांधलेल्या फाइली असतात आणि ग्रंथपाल त्या सहसा नाकारत नाहीत. सलग तीन दुपारी बसून तिने ५३ बातम्यांची पाने काढली. फोटो काढायची एक रीत आहे: आधी तारीख आणि आवृत्ती दिसेल असे पूर्ण पान, मग फक्त बातमी, बायलाइनसकट, म्हणजे बातमीदाराच्या नावासकट. नुसती बातमी कापून काढली तर ती कुठली, कधीची हे सांगता येत नाही. बातमी घडीत दबली असेल तर फाइल उलटी न वाकवता पान हाताने हलके उचलून धरावे, बांधणी उसवली तर पुढच्या माणसाला फाइल मिळत नाही.

त्या बातम्यांवर हक्क कुणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वृत्तपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुरापुरती वेगळी तरतूद आहे. वृत्तपत्रात, मासिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा, बाकी बाबतींत लेखकाचा, करारात दुसरे काही लिहिलेले नसेल तर. करारात बहुधा काहीतरी लिहिलेले असते, म्हणून ते कलम आधी वाचावे. कामाचा नमुना म्हणून कात्रण दाखवायला यातले काही आड येत नाही. तीच बातमी दुसऱ्या दैनिकाला विकता मात्र येत नाही.

फेब्रुवारी

पहिल्या आठवड्यात फोन वाजायचा थांबला. रोज तीस-चाळीस फोन घेणाऱ्या माणसाला हे फार लागते. ज्यांच्या बातम्या लावल्या ते कार्यकर्ते ‘ताई, सध्या कुठे?’ एवढे विचारून मोकळे झाले. यात अपमान शोधू नये. ते फोन पानावरच्या जागेसाठी येत होते, आणि जागा आता दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. बीटवरच्या अकराशे नंबरांपैकी सात माणसे तिच्याशी बोलत राहिली. पुढे काम त्यांच्यामुळेच झाले.

दुसरी अडचण झोपेची. पान सुटल्यावर दोनला झोपायची सवय, काम नसताना ती चारवर गेली आणि सकाळ उरेना. तिने सकाळी दहाला वाचनालयात जायचे ठरवून टाकले, कात्रणे संपल्यावरही. उदासी, भूक-झोप उडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर ते फक्त नोकरीचे दुःख समजू नये. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. राज्य विम्याचा उपचारही नोकरीबरोबर लगेच संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे हक्क ठरतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे, दरवेळी किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. तिची दोन्ही सहामाह्यांत भरली होती, म्हणून डिसेंबरअखेर दवाखान्याची सोय होती. ओळखपत्र फेकू नका.

पीएफला तिने हात लावला नाही. खात्यात पस्तीस हजारांच्या आसपास होते. काढता आले असते, पण नवी नोकरी लागल्यावर त्याच यूएएनवर ते पुढे नेले की सेवेची वर्षे जोडली जातात. लक्ष ठेवायचे ते संस्थेने ‘नोकरी सोडल्याची तारीख’ भरली का यावर. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः पोर्टलवर ती भरता येते. तारखेसोबत कारणही नोंदले जाते, संस्थेने तिथे गुपचूप ‘राजीनामा’ लिहिलेले नाही ना, हे पाहावे.

१० फेब्रुवारीपर्यंत फक्त जानेवारीचा पगार आला. तिने सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला. सोबत दोन्ही नेमणूकपत्रे, शेवटच्या बारा चिठ्ठ्या, तो ईमेल, राजीनाम्याच्या मसुद्याचा स्क्रीनशॉट आणि एका पानाचा हिशेब. कामावरून काढल्याच्या वादासाठी नव्या संहितेत दोन वर्षांची मुदत आहे, पण वाट पाहण्यात अर्थ नसतो. ब्युरो चालू असेपर्यंत साक्षीदार मिळतात, मग ते चार गावांना पांगतात. समेटाच्या पहिल्या तारखेला संस्थेचा माणूस आला नाही. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी ३६,००० रुपये खात्यात जमा झाले: नोटीस, भरपाई, रजा. पुनर्कौशल्य निधीचे दहा हजार एप्रिल उलटला तरी आले नव्हते, त्याचा पाठपुरावा चालू होता. सही करून बसलेल्या उपसंपादकानेही मग अर्ज केला. ‘येणे नाही’ या शब्दांमुळे त्याचे प्रकरण लांबले.

बीट नोकरीबरोबर जात नाही

ओळखपत्र गेले म्हणून माहिती मागण्याचा हक्क जात नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा नागरिकासाठी आहे, वृत्तपत्रासाठी नाही. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, उत्तराला ३० दिवस. तिने जानेवारीत शाळाखोल्यांच्या दुरुस्ती निधीबद्दल असा अर्ज केला होता, स्वतःच्या नावाने, पण पत्ता ब्युरोचा. ब्युरोला कुलूप लागले आणि उत्तर पोस्टमनने परत नेले. जन माहिती अधिकाऱ्याला पत्ता बदलल्याचे पत्र देऊन तिने ते पुन्हा मिळवले, त्यात अठरा दिवस गेले. बातमीदाराने अर्जावर कायम घरचा पत्ता घालावा.

त्या उत्तरावरून तिने तीन ठिकाणी बातमी देऊ केली. पहिल्या दोन मेल लांबलचक होत्या, स्वतःची ओळख, नोकरी कशी गेली, संधी द्यावी वगैरे. उत्तर आले नाही. तिसरी अशी होती:

‘जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांना दुरुस्तीचा निधी मंजूर होता, त्यांपैकी काहींचा निधी मार्चअखेर अखर्चित राहतो आहे. तालुकावार यादी माहिती अधिकारात मिळाली आहे. चार शाळांना भेट दिली, फोटो आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांची बाजू घेतली आहे. ८०० शब्द, २० मार्चपर्यंत देऊ शकते. इतर कुणाला दिलेली नाही.’

त्याला तासाभरात फोन आला. संपादकाला पाहिजे असते ते सगळे त्यात आहे: बातमी काय, पुरावा कोणता, दुसरी बाजू घेतली का, किती शब्द, कधी. मानधन, पुन्हा वापरण्याचा हक्क आणि पैसे कधी देणार हे तिने छापण्याआधी मेलवर लिहून घेतले. ‘आधी येऊ दे, मग बघू’ याला हो म्हणायचे नसते.

डेस्कच्या, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या संपादित करण्याच्या, नोकरीची पहिली लेखी परीक्षा मात्र तिला जमली नाही. तीनशे शब्दांच्या इंग्रजी बातमीचे अर्ध्या तासात मराठी आणि तीन शीर्षके, असा पेपर होता. भाषेने घात केला नाही, कळफलकाने केला. ब्युरोत पंधरा महिने ती श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकत होती, डिजिटलला युनिकोड लागते आणि बोटांना त्याच्या इनस्क्रिप्ट कळफलकाची सवय नव्हती. जुन्या टंकलेल्या फाइली नव्या संगणकावर उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसली तीही याच कारणाने. त्या कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात आणि त्यानंतर र्‍हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. रोज तासभर सराव करून पाच आठवड्यांत तिचा वेग पूर्ववत झाला.

आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागांत नैमित्तिक तत्त्वावर संपादक आणि भाषांतरकार लागतात, जिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर असतात. तिने त्या जाहिरातींवर लक्ष ठेवले, पण या काळात जागा निघाली नाही. दोन जनसंपर्क संस्थांनी विचारले. एकीचा ग्राहक तिच्याच बीटवरचा शिक्षणसंस्थाचालक निघाला, तिथे ती गेली नाही. हा निर्णय प्रत्येकाला परवडेल असे नाही, आणि न परवडणाऱ्याला नावे ठेवू नयेत. फक्त तसे काम घेतल्यावर त्याच विषयावर बातमी लिहायची नाही.

मे महिन्यात एका संकेतस्थळाच्या डेस्कवर ती १९,००० वर रुजू झाली. आधीपेक्षा हजाराने कमी, पण पीएफसह आणि कंत्राट दोन वर्षांचे. जुन्या संस्थेने वर्षभरात तिच्याच कामासाठी भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावे लागते, म्हणून कपातीचे पत्र तिने जपून ठेवले आहे. नव्या कार्यालयाने पहिल्याच दिवशी सिम दिले. ते तिने फोनच्या दुसऱ्या खोबणीत घातले. यूएएन, बँक आणि व्हॉट्सॲप तिच्या स्वतःच्या नंबरवरच राहिले.